'आमच्यानंतर काय?' : वाणगावच्या वाटेवरून पालकगटांचा इतिहास

६ फेब्रुवारी २०१३, पालघर. त्या काळी हे गाव अखंड ठाणे जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण होते. सोनिया गांधी यांच्या हस्ते त्या दिवशी येथून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तपासणी करावयाची आणि ती करण्यासाठी वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत व शाळेत स्वतः जावयाचे, अशी ही योजना. तपासणीच्या यादीत ३० अवस्था होत्या. जन्मजात दोष, कुपोषण, हृदयविकार यांच्या जोडीला त्या यादीत तीन नावे अशी होती, जी तोवर शहरी दवाखान्यांच्या बाहेर फारशी पडलीच नव्हती : स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, १६ एप्रिल २०१३ रोजी, चर्चगेटची लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत धावू लागली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर आणि मग वाणगाव. चर्चगेटपासून शंभरहून अधिक किलोमीटरवरचे हे स्थानक मुंबईच्या उपनगरी वेळापत्रकात आले.

एकाच वर्षात तपासणी दारापर्यंत आली आणि शहर एका गाडीच्या अंतरावर आले. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन प्रसंग एकत्र येणार नाहीत. परंतु ज्या घरात तीन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही, एकच झाकण तासन्‌तास फिरवत बसते, त्या घरासाठी हे दोन्ही प्रसंग एकाच गोष्टीचे भाग आहेत. पथक येते, कागदावर एक शब्द लिहिते आणि पुढच्या पाड्यावर जाते. त्यानंतर त्या आईशेजारी कोण बसते? हा धागा त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो. धागा लांब आहे.

प्रथम स्थळ. वाणगाव डहाणू तालुक्यात मोडते. पूर्वेकडे टेकड्या आणि वारली पाडे, पश्चिमेकडे चिकूच्या वाड्या व हिरव्या मिरचीची शेती. लोकलने एक स्थानक मागे गेले की बोईसर, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र. म्हणजे एकाच पट्ट्यात दोन प्रकारची कुटुंबे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाड्यावर असलेली आणि कारखान्याच्या नोकरीसाठी दूरवरून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेली. पहिल्यांना माणसे आहेत, पण तज्ज्ञ नाहीत. दुसऱ्यांकडे लोकलचा पास आहे, पण आजी, मावशी, शेजारीण यांपैकी कोणी जवळ नाही. वेगळ्या मेंदूचे मूल वाढविताना या दोन्ही उणिवा सारख्याच जाचतात.

आता सत्तर वर्षे मागे जाऊ. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. त्यांच्या निरीक्षणांत एक धागा पालकांच्या थंड स्वभावाचा होता. तो पुढे इतरांनी इतका ताणला की आईची मायाच गोठलेली असल्याने मूल आत मिटते, हा समज दोन दशके प्रतिष्ठित ज्ञान म्हणून वावरला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर एक गाजलेले पुस्तकच लिहिले. आपल्याकडे त्या जागी दुसरी वाक्ये होती : आईनेच लाडावले, गरोदरपणी ग्रहण पाहिले, बाहेरचे काहीतरी लागले. भाषा वेगळी, आरोपी तीच.

पालकगटांचा इतिहास या आरोपाच्या उत्तरातून सुरू होतो, हे सहसा सांगितले जात नाही. १९६२ मध्ये ब्रिटनमधील पालकांनी जी संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग होत्या. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही. अमेरिकेत १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्यामागे असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने आदल्याच वर्षी गोठलेल्या मायेचा सिद्धान्त पुराव्यानिशी खोडून काढला होता. त्यांचा मुलगाही स्वमग्न होता. शास्त्रज्ञ आणि पालक या दोन भूमिका एकाच व्यक्तीत आल्या, तेव्हा कुठे आईवरचा ठपका हलू लागला. एकट्या आईने तोच मुद्दा मांडला असता तर तो तिच्याच दोषाचा पुरावा ठरला असता. दहा आया एकत्र बसल्या की मात्र दहांच्याही मायेत एकच खोट कशी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

महाराष्ट्रात आरंभ शाळेपासून झाला. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला. त्याच वर्गाची पुढे देशातील एक अग्रगण्य विशेष शाळा झाली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली. त्यांची कन्या मालिनी छिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. दोन्ही कथांचा साचा एकच आहे. एक कुटुंब, साधनसंपन्न, शिकलेले, आपल्या लेकरासाठी दार उघडते आणि त्या दारातून इतरांची मुले आत येतात.

या साच्याचे मोल मोठे आहे आणि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. शाळा मुलाला जागा देते. पालकांची भेट मात्र फाटकाबाहेर, घंटा होण्याची वाट पाहताना, जमली तर होते. शिवाय शाळा अठराव्या-विसाव्या वर्षी संपते. त्यानंतरचा प्रश्न या सगळ्या घरांत रात्री एकाच शब्दांत उच्चारला जातो : आमच्यानंतर काय?

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात पालक संघटना झाले ते या चार अक्षरी भीतीपोटी. (अक्षरे मोजणाऱ्यांनी क्षमा करावी, भीती मोजून येत नाही.) डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने उभारलेले 'घरकुल' हे त्याचे ठळक उदाहरण. नंदिनी आणि अविनाश बर्वे यांच्या पुढाकाराने मतिमंद मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन प्रौढ झालेल्या मुलांसाठी कायमचे घर बांधले. येथे एका श्रीमंत दात्याचे दार उघडलेले नाही. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाने, पगारदारांनी, एकमेकांच्या आधाराने हे घर उभे केले. जय वकील यांच्या घरातील वर्गापासून खोणीच्या घरकुलापर्यंत सुमारे अर्धशतक गेले आणि या अर्धशतकात पालक देणगीदाराच्या भूमिकेतून सहकाऱ्याच्या भूमिकेत आला.

याच दशकात राष्ट्रीय पातळीवर मोठी उलथापालथ चालू होती. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. त्याही एका स्वमग्न मुलाच्या आई. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा आला. त्यात सात प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचे अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता नव्हती. अध्ययन अक्षमताही नव्हती. स्वमग्न मुलाला दाखला हवा असेल तर त्याला मतिमंद म्हणवून घेणे, एवढाच मार्ग उरला. अनेक घरांनी तो निमूट पत्करला. ज्या मुलाची बुद्धी चाचणीत बसत नव्हती, त्याला तोही मिळाला नाही.

पालकांनी ही उणीव चार वर्षांत भरून घेतली. ३० डिसेंबर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी झाला. भारतीय कायद्याच्या नावातच स्वमग्नता प्रथम आली ती येथे. या कायद्याचे दहावे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे. न्यासाच्या उद्दिष्टांत तेथे आई-वडिलांच्या किंवा पालकांच्या मृत्यूनंतर त्या व्यक्तीच्या सांभाळाची व संरक्षणाची तजवीज, असे एक उद्दिष्ट स्वतंत्रपणे नोंदविले आहे. घराघरांतला रात्रीचा प्रश्न संसदेच्या भाषेत उतरला. आपल्या कायद्यांत इतकी घरगुती भीती इतक्या थेटपणे क्वचितच आढळते.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. न्यासाच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांचे जास्तीत जास्त नऊ सदस्य असावेत आणि त्यांतले तीन स्वयंसेवी संस्थांचे, तीन पालकांच्या संघटनांचे, तर तीन अपंग व्यक्तींच्या संघटनांचे असावेत. पालकांचा गट ही कल्पना प्रथमच कायदेशीर खुर्चीवर बसली. तिच्या शेजारची खुर्ची ज्यांच्यासाठी होती, त्यांच्याकडे पुढे वळू.

तत्पूर्वी भाषेचा मुद्दा, कारण वाणगावसारख्या ठिकाणी तो कळीचा आहे.

१९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच सुमारास दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. वाढीव वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. 'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ चा. म्हणजे ईशान अवस्थीच्या अकरा वर्षे आधी शासकीय कागद हलला होता, याचे श्रेय या गटांना द्यायला हवे. परंतु या सवलतीसाठी दाखला लागे, दाखल्यासाठी चाचणी लागे आणि प्रमाणित चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. मराठी माध्यमाच्या मुलाची वाचनातली अडचण कोणत्या मापाने मोजावी? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही डिस्लेक्सियाची प्रमाणित चाचणी तयार केली, ती २०१५ मध्ये. मधली वीस वर्षे जी मुले 'ढ' ठरून शाळेबाहेर पडली, त्यांची मोजदाद कुठेच नाही. आणि ज्या मुलाच्या घरी वारली बोलली जाते, त्याच्यासाठी प्रमाण मराठीतली चाचणीसुद्धा परक्या भाषेतलीच असते.

गट टिकतो तो शब्दांवर. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या, म्हणजे आयपीएचच्या, वर्तुळात दोन शब्द रुजले : आजार किंवा अवस्था ज्याची आहे तो 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणारा 'शुभंकर'. हे शब्द कोणाला गोडगोड वाटतील. पण 'रुग्ण' आणि 'नातेवाईक' या जोडीत एक खाटेवर असतो आणि दुसरा खाटेशेजारी उभा असतो. 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' एका सतरंजीवर बसू शकतात. पुण्यात १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कामाची मुळेही अशीच घरातली होती. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पत्नीच्या आजारामुळे शुभंकर झालेले होते. स्किझोफ्रेनिया हा आजार. स्वमग्नता हा आजार नव्हे, ती मेंदूची जन्मतःची वेगळी घडण. हा भेद राखूनही म्हणता येते, की मराठीत 'स्वमदत गट' नावाची बैठक कशी चालवायची, कोणी आधी बोलायचे, डॉक्टरने केव्हा गप्प बसायचे, याची रीत या मानसिक आरोग्याच्या गटांनी घालून दिली आणि इतरांनी ती उचलली. 'देवराई' हा २००४ चा चित्रपटही वाणी यांच्याच पाठबळातून आला.

आता ती शेजारची खुर्ची.

१९९२ मध्ये अमेरिकेत काही स्वमग्न व्यक्तींनी केवळ स्वमग्नांचे असे एक संघटन उभारले. पुढच्या वर्षी टोरांटो येथील परिषदेत त्यांच्यापैकी जिम सिंक्लेअर पालकांसमोर उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की तुम्ही ज्या मुलासाठी शोक करता ते मूल कधी जन्मलेच नव्हते. जे जन्मले ते येथे आहे आणि तुमचा शोक पाहत मोठे होते आहे. सभागृहात पालक बसले होते. तीस वर्षे आरोप झेलून ज्यांनी आपली संघटना बांधली, त्यांना आता आपल्याच मुलांच्या पिढीकडून प्रश्न विचारला जात होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशाच स्वमग्न व्यक्तींच्या आपापसांतील चर्चांतून 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही संकल्पना घडली. मेंदूच्या घडणीतले वैविध्य हा बिघाड नसून मानवजातीचा स्वभाव आहे, असे ती सांगते. जूडी सिंगर आणि हार्वे ब्लूम यांनी १९९८ मध्ये ती छापील विश्वात आणली. ज्यांच्या मेंदूची जडणघडण बहुसंख्यांहून निराळी, ते न्यूरोडायव्हर्जंट.

महाराष्ट्रात हा आवाज उमटायला वेळ लागला, पण तो उमटला. मालिनी छिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार अनुभवून 'संवेदना' हा गट सुरू केला आणि त्यातून अपस्मार असलेल्यांच्या विवाहजुळणीपर्यंतचे काम उभे राहिले. पालकांच्या गटात सहसा सुरक्षिततेचा विषय आधी निघतो. स्वतः त्या अवस्थेत जगणाऱ्यांच्या गटात मैत्री, नोकरी, लग्न आधी येते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच एकाने दुसऱ्याच्या वतीने बोलणे धोक्याचे.

कायद्यातही हा ताण दिसतो. १९९९ च्या कायद्याने अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालकत्व नेमण्याची सोय केली. डिसेंबर २०१६ मध्ये संमत झालेला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा मात्र 'मर्यादित पालकत्व' म्हणतो, ज्यात निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आत आल्या. अतिचंचलता मात्र त्या एकवीसांत नाही. पालघरच्या यादीतले हे नाव दिल्लीच्या यादीत पोहोचले नाही.

पुन्हा वाणगावला येऊ. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे जातो. तीत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हे जिल्हाधिकारी ठाण्यात बसत. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकवस्तीचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. वाणगावहून ठाण्याला जायचे तर गाडी बदलणे आले, आणि गर्दी, कर्कश भोंगे, धक्के हे सारे असह्य होणाऱ्या मुलाला घेऊन दादरचा पूल ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पालघर जिल्हा झाला तेव्हा ते कार्यालय काही स्थानकांवर आले. प्रशासकीय विभाजनाचा हा परिणाम राजकीय इतिहासात कोणी नोंदवत नाही.

तपासणीचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. पुढच्या टप्प्यावरच्या जिल्हा केंद्रासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी लांब पदसूची आहे. पालक म्हणून अनुभव असलेल्या माणसासाठी त्या सूचीत पद नाही. १९६२ पासूनचा सगळा इतिहास ज्यांनी घडविला, त्यांनाच या उत्तम योजनेत जागा ठेवलेली नाही, ही तिच्या आखणीतली ठळक चूक आहे. मुंबई-पुण्यात ती खपून जाते, कारण तेथे गट आधीपासून आहेत. टेकडीवरच्या पाड्यात ती खपत नाही.

आणि गंमत अशी, की गट कसा भरवावा याचा धडा याच तालुक्यात लिहिला गेला आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. केंद्रात मुले येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणारी मुले येईनात, तेव्हा शाळा कुरणावर गेली. ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. बोर्डी, कोसबाड आणि वाणगाव एकाच तालुक्यातली.

ताराबाईंचा हिशेब साधा होता. येणाऱ्याला येणे का जमत नाही ते आधी पाहायचे आणि जागा व वेळ त्यानुसार बदलायची. मिरचीच्या तोडणीवर रोजाने जाणारी आई शनिवारी दुपारी शहरातल्या सभागृहात येणार नाही. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सकाळची बैठक चालणार नाही. पथक ज्या दिवशी अंगणवाडीत येते, त्या दिवशी तीन-चार पाड्यांतल्या अशा आया एकाच अंगणात, एकाच वेळी, आपापल्या मुलांना कडेवर घेऊन उभ्या असतात. तपासणी आटोपते, गाडी निघते आणि त्या आपापल्या वाटेने परततात.